चिटणिसांचा मोबाइल मिटेना, त्याची हकीकत

श्री.

बोटें दहा, त्यांस नमस्कार. अक्षरें बावन्न, त्यांस नमस्कार. चार्जर एक, तो ज्या खोक्यांत दडला असेल तेथून लवकर सांपडो. शके एकोणीसशें बत्तीस, विकृतिनाम संवत्सर, आश्विन मास. आपण विचारिलें कीं, अमुक राज्यीं दसऱ्याचे दिवशीं दरबार उठेना, मानकरी उपाशी बसले, पुरण निवालें, आणि या सर्वांस कारण एक मोबाइल, हें खरें कीं लोकांनीं तिखटमीठ लाविलें? तरी खरें आहे, आणि तिखटमीठही लाविलें आहे. दोन्ही वेगळें काढूं गेलें तर कागद कोरा राहील. सबब जैसें कानीं आलें तैसें लिहितों. राज्याचें नांव पुसूं नये. ज्यांनीं सांगितलें त्यांच्या घरचे अद्याप तेथेंच चाकरीस आहेत.

राज्य लहान, परंतु दरबार मोठा. महाराज दिलदार, खाण्याचे शौकीन आणि तापट. राग आला म्हणजे तोंडास येईल तें बोलावें आणि घटकेनें विसरून जावें, ऐसा स्वभाव. त्यांचे पदरीं धोंडो कान्हो चिटणीस. दरबारचीं पत्रें लिहावयाचें काम त्यांचे घरीं तीन पिढ्या, आणि खुद्द पंत चाळीस वर्षें बोरूनें लिहीत आले. अक्षर ऐसें कीं ज्यास पत्रांतून झाडावें तोही पत्र जपून ठेवी. उजव्या हाताच्या बोटांस घट्टे पडले होते, टांचणी टोंचली तरी कळूं नये इतके. मग त्या सालीं महाराजांनीं मुलखाची नवी चाल पाहून सर्व मानकऱ्यांस मोबाइल वांटले, आणि हुकूम केला कीं येथून पुढें पत्रें, अर्ज, निरोप सर्व यावरूनच जातील. मोबाइल म्हणजे नुसती कांच. बोट लावावें आणि अक्षर उमटावें. पंतांनीं बोट लाविलें तों कांच ढिम्म. दाबून पाहिलें, ओलें करून पाहिलें, 'अगे लिही गे बाई' म्हणोन विनवून पाहिलें. घट्ट्याचें बोट कांचेस बोटच वाटेना. शेवटीं एके दिवशीं शिंक आली आणि नाक लागलें, तों अक्षर उमटलें! मग पंत नाकानें लिहूं लागले. भर दरबारांत चिटणीस मान खालीं घालून कांचेवर टोंचे मारितात, हें पाहून मानकरी पोट धरधरून हंसले, आणि सर्वांत अधिक हंसले रंगो निळकंठ पारसनीस.

हे पारसनीस म्हणजे परमुलखाचीं पत्रें वाचणारे. वय तिशीचें, दाढी कोरलेली, आणि कांचेवर दोन्ही अंगठे ऐसे चालावे कीं पाहणारास घेरी यावी. पूर्वीं लोक अर्ज लिहवून घ्यावयास पंतांच्या ओसरीवर येऊन बसत. आतां अर्ज मोबाइलावरून पारसनिसांकडे जाऊं लागले, आणि पारसनिसांकडून 'पोहोंचला' इतकें उत्तर येई. पुढें त्या अर्जाचें काय झालें, तें पारसनिसांसच ठाऊक. पंतांची ओसरी ओस पडली. मग एके दिवशीं महाराजांनीं पंतांस बोलाविलें आणि म्हणाले, 'धोंडोपंत, आपलें नाक आम्हांस प्रिय आहे, परंतु त्यानें लिहिलेलें पत्र दुसऱ्या राजास पाठवावयास आम्हांस लाज वाटते. दसऱ्याच्या दरबारांत मोबाइलावर हातानें पत्र लिहून दाखवा. न साधलें तर कलमदान पारसनिसांकडे जाईल.' कलमदान जाणें म्हणजे चिटणिशी जाणें. पंत घरीं येऊन न जेवतां भिंतीकडे तोंड करून बसले.

पंतांच्या कुटुंबाचें नांव मथुबाई. जीभ धारेची, मन लोण्याचें. त्या म्हणाल्या, 'नाकास तेल चोळूं काय?' मग बाई जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'अहो, ऐका तर. बाजारांत मोबाइलवाल्याच्या दुकानीं खालच्या फळीवर एक मोबाइल पडून आहे. जाडा आहे म्हणोन कोणी घेईना. त्याच्या पोटांतून एक फळी सरकून बाहेर येते, तिजवर कळा आहेत, खऱ्याखुऱ्या, दाबाव्या लागतात. मी दाबून आल्यें.' पंत म्हणाले, 'जाडा आहे, कोणी घेईना, ऐसा जिन्नस घरांत आणून काय करावें?' बाई म्हणाल्या, 'कां? मीं नाहीं का ऐसाच एक पदरीं घेतला?' आणि पंत त्या दिवशीं प्रथम हंसले, आणि उठून जेवले.

दुसरे दिवशीं पंत दुकानीं गेले आणि दुकानदारानें मोबाइल फडक्यानें पुसून हातीं दिला. प्रथमदर्शनीं काय वाटलें, तें पंतांनीं पुढें शंभर जणांस सांगितलें, न विचारतांही सांगितलें, सबब तपशील पक्का आहे. रंग काळा. मिटला असतां चारचौघांसारखा, वरतीं कांच आणि खालीं पाठ. परंतु जाडी ऐसी कीं दोन मोबाइल एकावर एक ठेवून त्यांत पापड घातला असावा. वजन बरें, हातांत कांहीं धरिलें आहे हें हातास समजे. कांच पाहून पंत मनांत म्हणाले, आलें पुन्हां नाकावर! तों दुकानदार म्हणाला, 'पंत, अंगठ्यानें वरची कांच बाजूस लोटा.' अर्धी वाट पंतांनीं लोटिली, आणि उरलेली अर्धी वाट कांच आपली आपण गेली, आणि खट् ऐसा आवाज झाला, आणि पोटांतून कळांची फळी बाहेर आली. पंत दचकले. मग मिटला, मिटतांनाही अर्ध्यावरून आपला आपण मिटे. पुन्हां उघडिला. खट्. मिटला. खट्. ऐसें वीस वेळां झालें, तेव्हां दुकानदार म्हणाला, 'पंत, मोडेल हो.' पंत म्हणाले, 'एकदांच,' आणि आणखी सात वेळां केलें. कळांच्या ओळी चार. प्रत्येक कळेवर अक्षरें दोन, वरलें पांढरें आणि खालचें पिवळें; पिवळें पाहिजे तर कोपऱ्यांतील कळ धरावी. मधल्या एका कळेवर तिळाएवढा उंचवटा, तो बोटास लागला म्हणजे न पाहतां समजावें कीं हात ठिकाणावर आहे. खालीं एक लांबलचक कळ, ती दोन शब्दांत मोकळी जागा सोडावयाची. तिचें पंतांस फार नवल वाटलें; बोरूनें जागा सोडावयास कांहींच करावें लागत नसे, आणि येथें कांहीं न लिहावयासही कळ दाबावी लागते! मग पंतांनीं भीत भीत एक कळ दाबिली. कळ खालीं गेली, आणि वर येतांना बोटास सांगून आली कीं लागलें. घट्ट्यासही समजलें. पंतांनीं 'धोंडो' इतकेंच लिहिलें आणि वाचिलें, आणि डोळ्यांस पाणी आलें. दुकानदारास म्हणाले, तुझ्या दुकानांत धूळ फार. गुण लिहिले तैसे दोषही लिहावे. मोबाइल झोंपेंतून जागा व्हावयास इतका वेळ लागे कीं तोंवर माणसानें दांत घांसून यावें. बॅटरी दुपारीं मान टाकी. फोटो काढिला तर उभा आहे तो मामा कीं खांब, हें विचारावें लागे. अंगरख्याच्या खिशांत ठेविला तर एक खांदा उतरे. परंतु पंतांस हे दोष कोणी सांगितले म्हणजे ते सुनेचे दोष ऐकल्यासारखे मान हलवीत, आणि मोबाइल उघडून मिटीत.

मग पंधरा दिवस अभ्यास चालला. मथुबाईंनीं बोलावें आणि पंतांनीं त्यांच्या तोंडाकडे पाहत, कळांकडे न पाहतां, लिहावें. बाई प्रथम हळू बोलत, मग पंतांनीं भाजी आणावयाची विसरली म्हणोन जलद बोलूं लागल्या, मग चुलत जावेचा विषय निघाला. आणि ज्या दिवशीं तो विषय अथपासून इतिपर्यंत एक काना न सोडतां लिहून झाला, त्या दिवशीं पंत म्हणाले, 'आतां दरबार काय चीज आहे!'

दसरा आला. या राज्याची एक चाल आहे, ती अन्यत्र कोठें ऐकिली नाहीं. चिटणिसांचें कलमदान मिटल्याविना दरबार उठूं नये. कारण ऐसें कीं, महाराजांचे पणजोबा एकदां पत्र सांगतां सांगतां भूक लागली म्हणोन उठले, आणि अर्धेंच पत्र मोर्तब होऊन गेलें. शेजारच्या राजास 'आपली कन्या' इतकेंच वाचावयास मिळालें; 'सुखरूप पोहोंचली' हें येथेंच राहिलें. त्यावरून दोन वर्षें लढाई चालली. तेव्हांपासून कलमदानाचें झांकण पडे तोंवर खुद्द महाराजही गादीवरून हलत नाहींत, आणि तोंवर कठड्याशीं येऊन जो कोणी गाऱ्हाणें सांगेल त्याचें ऐकावें लागतें. चोपदारासही त्यास हटकण्याची मुभा नाहीं. आतां इतकी सवलत असतां रयतेचीं सर्व गाऱ्हाणीं मिटावयास हवीं होतीं. परंतु धोंडोपंतांचा हात सफाईचा. पत्राचें शेवटलें अक्षर आणि झांकणाचा आवाज लोकांस एकदमच ऐकूं येई, आणि महाराज जेवावयास जात.

तर दरबार भरला. पंतांनीं मोबाइल पुढें ठेविला तेव्हां पारसनीस हळूच म्हणाले, 'पंत, हा मोबाइल आहे कीं साबणाची वडी?' आणि मानकरी हंसले. पंतांनीं उत्तर न देतां अंगठ्यानें लोटिलें. खट्! फळी बाहेर आली, आणि हंसणें जागच्या जागीं थांबलें. महाराज पुढें वांकले, आणि म्हणाले, 'पुन्हां करा.' पंतांनीं पुन्हां केलें. महाराज म्हणाले, 'आणा इकडे,' आणि स्वतः पांच वेळां केलें, आणि खूष होऊन म्हणाले, 'यास झांकण आहे, हें मिटतें, सबब आजपासून हेंच चिटणिसांचें कलमदान.' मग हळदकुंकू वाहिलें, पंतांनीं आणि पारसनिसांनीं दोघांनींही लिहावें ऐसा हुकूम केला, आणि पत्र सांगावयास बसले. मजकूर नाजूक होता. शेजारच्या महाराजांनीं दोन मोर भेट पाठविले होते. ते मोर पहांटेपासून ओरडत आणि बागेंतील मिरचीचीं रोपें खाऊन बसले होते. आभार मानावे आणि मोर परत न्या हेंही सुचवावें, ऐसें पत्र. आणि शेजारील राज्याचा वकील समोरच तक्क्यास टेकून बसला होता. महाराजांची एक खूण आहे. उजवा हात मांडीवर असतां जें बोलतील तें कागदाचें. डावा हात मिशीस गेला म्हणजे जें बोलतील तें मनाचें, लिहूं नये. ही खूण कोणीं कोणास शिकविली नाहीं. चाळीस वर्षें तोंडाकडे पाहून पंतांस समजली. महाराज म्हणाले, 'आपले मोर पावले. मोर सुंदर आहेत.' मग डावा हात मिशीस गेला आणि वकिलास ऐकूं न जाईल इतक्या हळू म्हणाले, 'त्या भोपळ्यास म्हणावें, तुझ्या मोरांनीं आमची झोंप खाल्ली, मिरच्या खाल्ल्या, आतां येऊन त्यांची घाण काढ.' मग हात खालीं आला आणि म्हणाले, 'आपणांस त्यांची आठवण होत असेल, हें मनीं येऊन आम्हांस करमत नाहीं.' झालें. पारसनिसांचें पत्र आधीं तयार. त्यांनीं मोठ्या आवाजांत वाचिलें, आणि 'त्या भोपळ्यास म्हणावें' इथपर्यंत येतांच वकील ताठ बसला, आणि महाराजांचें तोंड लाल झालें. म्हणाले, 'पारसनीस, आम्ही बोलत असतां आपण आमच्याकडे पाहिलें काय?' पारसनीस म्हणाले, 'नाहीं महाराज, कांचेकडे पाहत होतों. नाहीं तर अक्षरें चुकतात.' मग पंतांनीं वाचिलें. आभार तितके गोड, आठवण तितकी हळवी, भोपळा कोठेंच नाहीं. वकिलाचे डोळे पाणावले; म्हणाला, 'मोर उद्यांच घेऊन जातों.' महाराज ओरडले, 'शाबास धोंडोपंत! पाठवा!' पंतांनीं कळ दाबिली, आणि पत्र गेलें, आणि चिटणिशी राहिली.

येथवर सर्व ठीक. परंतु बोरूनें लिहिणाराची एक रीत असते. पत्र संपलें म्हणजे शाई सुकावी म्हणोन वर चिमूटभर बारीक वाळू टाकावी. पंतांच्या डाव्या हातास ही संवय चाळीस वर्षांची. त्यास डोक्याची परवानगी लागत नसे. आनंदाच्या भरांत तो हात आपण होऊन शेजारीं संवयीनें ठेविलेल्या वाळूच्या डबींत गेला, चिमूट भरली, आणि कळांवर, चारही ओळींवर, झकास भुरभुरली. आणि मग पंतांनीं फुंकरही मारिली, तेणेंकरून जी वर राहिली होती तीही आंत गेली. अरे देवा! पंत मिटूं गेले तों करकर ऐसा आवाज आला, आणि मोबाइल अर्ध्यावर अडकला. पुढें जाईना, मागें येईना. महाराज उठावयाच्या बेतांत होते, ते तैसेच राहिले. म्हणाले, 'काय झालें?' पंत म्हणाले, 'महाराज, वाळू.' 'कोणीं टाकली?' 'हातानें.' 'कोणाच्या?' 'सेवकाच्याच, परंतु सेवकास न विचारतां.' तेव्हां पारसनीस पुढें सरले आणि अदबीनें म्हणाले, 'महाराज, माझा मोबाइल मुळीं मिटावाच लागत नाहीं. मजकडे कलमदान असतें तर एव्हांना पानें वाढलीं असतीं.' आंतून पुरणपोळीचा वास येत होता. महाराजांनीं वास घेतला आणि म्हणाले, 'धोंडोपंत, पत्र नामी लिहिलेंत. परंतु नैवेद्याची घंटा होईपर्यंत हें मिटलें तर ठीक. न मिटलें तर कलमदान पारसनिसांस देऊन आम्ही उठूं. दसऱ्यास आम्ही उपाशी बसणार नाहीं.'

मग एकच धांदल. कोणी म्हणे तेल सोडा, कोणी म्हणे उलटा करून आपटा, राजवैद्य म्हणाले सुंठीचा धूर द्या. सेनापतींनीं 'आणा इकडे' म्हणोन हात पुढें केला, तों पंतांनीं मोबाइल पोटाशीं धरिला. इतक्यांत बाहेर बातमी फुटली कीं दरबार अडकला आहे, महाराजांस उठतां येत नाहीं, आणि बोलेल त्याचें ऐकावें लागत आहे. झालें! बाजार ओस पडला आणि कठडा भरला. प्रथम माहूत आला. म्हणाला, हत्तीस झूल नको, सावलीस छप्पर द्या. महाराज म्हणाले, दिलें. मग सनईवाला आला. म्हणाला, नगारखाना गळतो, चौमाशांत सनईंतून पाणी निघतें. महाराज म्हणाले, दुरुस्त करा. मग दोघे सख्खे भाऊ आले, एका फणसाच्या झाडावरून बारा वर्षें भांडत होते. महाराज म्हणाले, 'फणस आम्हांस पाठवा, आणि घरीं जा.' तेही गेले. भुकेमुळें महाराज घोळ घालीत नव्हते, आणि मानकरी भुकेमुळें मध्यें बोलत नव्हते. इतकीं गाऱ्हाणीं इतक्या लवकर त्या दरबारांत पूर्वीं कधीं मिटलीं नाहींत. धोंडोपंत एका काडीनें फटींतील वाळू कोरीत होते, घाम गळत होता, आणि कान घंटेकडे होता. तों एक खडा निसटला, चार कण मांडीवर पडले, आणि फळी सैल होऊन आपली आपण मिटूं लागली. पंतांनीं एकदम अंगठा मध्यें घातला. कां घातला, तें त्यांसही त्या वेळीं कळलें नाहीं. अंगठा काढावा कीं खट् होणार, दरबार उठणार, चिटणिशी जन्माची राहणार. त्यांनीं मान वर करून कठड्याकडे पाहिलें. दहा अकरा माणसें अजून उभीं होतीं. तोंडें ओळखीचीं, हींच एके काळीं आपल्या ओसरीवर येऊन बसत. पंतांच्या मनांत आलें कीं, चाळीस वर्षें आपण झांकण फार सफाईनें लाविलें. तेव्हां हीं माणसें कोठवर आलीं होतीं, जिन्यावर कीं दारांत, हें आपण कधीं पाहिलें नाहीं. त्यांस लाज वाटली, अंगभर वाटली. मग म्हणाले, एक होऊं द्यावा, मग मिटूं. एक झाला. मग म्हणाले, ही लेंकुरवाळी आहे, हिचें होऊं द्यावें. तिचें झालें. मग म्हणाले, आतां हा शेवटचा. ऐसे सात शेवटचे झाले. अंगठा हिरवानिळा पडला, कांच त्यावर चावत होती, आणि घंटा केव्हांही होणार होती. पंत मनांत म्हणाले, धोंड्या, वेडा आहेस. आणि अंगठा ठेविला.

मग कठड्याशीं भिवरा कोष्टीण आली. वय साठीचें, पाणी वाहून वाहून एक खांदा उतरलेला. तिचें गाऱ्हाणें पंतांस पाठ होतें, कारण तीन वेळां त्यांनींच आपल्या हातें लिहून दिलें होतें, आणि तीनही वेळां ती कठड्याशीं येण्याआधीं त्यांनींच झांकण लाविलें होतें. चौथ्यानें ती कोणाचासा मोबाइल मागून तें पाठवून बसली. उत्तर आलें, 'पोहोंचला.' गाऱ्हाणें ऐसें कीं, कोष्टी आळींतून विहिरीस जावयाची जी वाट, तिजवर एका मानकऱ्यानें फाटक घातलें, आपली पालखी तेथें सावलींत ठेवावी, उन्हांत तापूं नये म्हणोन. बायका आतां वेशीस वळसा घालून पाणी आणितात. तो मानकरी म्हणजे रंगो निळकंठ पारसनीस. भिवरेस पाहतांच पारसनिसांचा रंग उडाला. ते लगबगीनें पंतांपाशीं आले, 'काढितों, मी काढितों हें,' म्हणोन मोबाइलास हात घातला, आणि अंगठा दिसला. क्षणभर दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. पंतांच्या डोळ्यांत विनवणी होती. पारसनिसांनीं ती वाचिली, आणि मोठ्यानें ओरडले, 'महाराज! अडकला बिडकला कांहीं नाहीं! चिटणीस अंगठ्यानें अडवून बसले आहेत! अवघ्या दरबारास उपाशी ठेवून फसवीत आहेत!'

महाराज म्हणाले, 'धोंडोपंत, हें खरें?' पंत उठून उभे राहिले आणि म्हणाले, 'खरें, महाराज. नऊ गाऱ्हाण्यांपासून.' महाराजांच्या कपाळाची शीर ताठली. म्हणाले, 'अंगठा काढा.' पंतांनीं काढिला. खट्. तो आवाज कठड्यापर्यंत गेला. चाल ती चाल; मानकरी भराभर उठले, कोणी जोड्यांत पाय घातले, महाराजांनीं एक पाय गादीखालीं ठेविला, आणि पारसनिसांनीं कलमदान घ्यावयास दोन्ही हात पुढें केले. भिवरा कठड्यास धरून तैसीच उभी होती. तिनें इकडे पाहिलें, तिकडे पाहिलें, आणि शेजारच्या बाईस म्हणाली, 'उठला व्हय गं दरबार? बरं. येते म्या फुडल्या दसऱ्याला.' त्यांत राग नव्हता कीं रडणें नव्हतें. परडी उचलावी आणि निघावें, तैसें बोलली. तें महाराजांनीं ऐकिलें. ते एक पाय खालीं आणि एक पाय वर, ऐसे क्षणभर थांबले. मग तो पाय वर घेतला, मांडी घातली, आणि म्हणाले, 'सगळे उठलां कां? दरबार तर चालू आहे.' सेनापती म्हणाले, 'महाराज, आवाज झाला, कलमदान मिटलें.' महाराज म्हणाले, 'आम्हांस कांहीं ऐकूं आलें नाहीं. धोंडोपंत, मिटलें काय?' धोंडो कान्हो चाळीस वर्षांत दरबारांत खोटें बोलले नव्हते. त्यांनीं मोबाइल दोन्ही हातीं धरिला, सर्वांच्या देखत सुजल्या अंगठ्यानें वरची कांच लोटिली, खट् आवाज झाला, आणि म्हणाले, 'नाहीं महाराज. उघडें आहे.' महाराज म्हणाले, 'मग म्हातारे, बोल.' भिवरा बोलूं लागली, आणि तीन वाक्यें झालीं न झालीं तों देवळांत नैवेद्याची घंटा सुरू झाली, घणघण, घणघण. मानकरी महाराजांकडे पाहूं लागले, पारसनीसही पाहूं लागले. महाराजांनीं कानामागें हात धरिला आणि म्हणाले, 'बाई, जरा मोठ्यानें सांग, बाहेर कसलासा गलबला आहे.'

ऐसें वर्तमान. फाटक त्याच दिवशीं सोनें लुटावयाच्या आधीं उखडिलें, आणि पालखी उन्हांत राहिली. चिटणिशी धोंडोपंतांकडेच आहे. पुरण निवालेलें सर्वांनीं खाल्लें आणि कोणी कुरकुर केली नाहीं. मोबाइल जाडा आहे, यांत वाद नाहीं. इतकें लिहिलें, तें मथुबाईंनीं सांगितलें त्यावरून. त्या जलद बोलतात, सबब कांहीं राहिलें असल्यास क्षमा असावी.